नदीवर धुतलेला कोट

४ फेब्रुवारी

आजपासून सुईची खोली माझ्या ताब्यात. आधीचे सुईवाले निवृत्त झाले. जाताना किल्ली हातात ठेवून म्हणाले, "खोली सांभाळ, आणि स्वतःला डॉक्टर समजू नकोस." पहिलं जमेल.

खोली म्हणजे एक बाक, एक टेबल, सुया उकळायचं भांडं आणि कुलपाचं कपाट. कपाटात सुरामिनच्या बाटल्या. बाटलीत चिमूटभर पांढरी पूड असते. ती शुद्ध पाण्यात विरघळवायची आणि लगेच शिरेत द्यायची, तीही म्हातारीला जिना उतरवतात तशी सावकाश. घाई केली तर रोगी तिथल्या तिथे आडवा होतो. माझा हात हलका आहे, हे शत्रूही कबूल करतात.

डॉक्टरीणबाईंनी रांगेसमोर दोन शब्द बोलायला लावलं. मी म्हणालो, "माशी चावली की झोपेच्या रोगाचा किडा रक्तात येतो. हे औषध त्याला रक्तात गाठून मारतं. पण किडा एकदा मेंदूत शिरला, की ह्या औषधाला तिथलं दार उघडत नाही. म्हणून ताप आला, दिवसा झोप येऊ लागली, की ताबडतोब या." टाळ्या पडल्या. घरी येऊन हिला सगळं म्हणून दाखवलं. ही म्हणाली, "एवढं बोलता येतं तुम्हाला? घरी तर 'वाढ' आणि 'कोट कुठाय' एवढंच येतं."

कोटावरून आठवलं. आमच्या कर्मचारी वसाहतीच्या नळाला लोखंडाचं पाणी येतं, त्यात धुतलेलं सगळं पिवळं पडतं. हिला बजावलं, आता मी खोलीचा प्रमुख, कोट दुधासारखा पांढरा पाहिजे. ही म्हणाली, मग नदीवर जावं लागेल, वळणापलीकडच्या सपाट दगडांवर. म्हटलं, जा.

२० फेब्रुवारी

नदीकाठी माश्यांचे सापळे टांगून झाले. निळ्या कापडाचे, कारण माशीला निळा रंग लांबून दिसतो आणि ती धावत येते. उरलेलं कापड डॉक्टरीणबाईंनी घरी न्यायला दिलं. हिने त्याचा झगा शिवला. हिला निळा रंग खुलतो, नाही असं नाही. मी तसं म्हणालोही, आणि वर सांगितलं की माश्यांनाही हाच रंग आवडतो.

"मग तुमच्यात आणि माश्यांत फरक काय?" ही म्हणाली.

पोट धरून हसलो. बायकोला डोकं असलं की असं ऐकून घ्यावं लागतं.

११ मार्च

नावाड्यांच्या वस्तीची तपासणी उरकली. मी माना चाचपायच्या, गाठी लागतात का पाहायचं, बोटाला टोचून रक्त काचेवर घ्यायचं, आणि ती काच एकडोळ्याकडे द्यायची. एकडोळ्याचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. दिवसभर एक मिटून सूक्ष्मदर्शकात बघत बसतो म्हणून हे नाव.

एक आंधळा म्हातारा नावाडी भेटला. त्याच्या अंगात झोपेचा किडा नव्हता, कातडीखाली जंत झाले होते, ते डोळ्यांपर्यंत जाऊन आंधळं करतात. त्या जंतांवरही पूर्वी हेच सुरामिन देत. त्याला दिलं, पण डोळे गेल्यावर. म्हणाला, "जंत मेले सुईवाले, पण गेलेले डोळे काही परत आले नाहीत." लोक उशिरा येतात आणि मग औषधाला नावं ठेवतात.

परतताना एकडोळ्याने टुमणं लावलं, की आता वसाहतीतल्या बायकापोरांच्याही बोटांना टोचून घेऊ. मी साफ नाही म्हटलं. वसाहतीत माशी येत नाही. आणि सुईवाल्याची बायको रांगेत उभी राहिलेली दिसली, तर लोक म्हणतील ह्यांच्याच घरात रोग, हे आपल्याला काय बरं करणार? डॉक्टरीणबाईंना घाई होती. त्या म्हणाल्या, बघू पुढे.

हिच्या घोट्याला गळवासारखं काहीतरी आलंय. दगड लागला असेल. मलम लाव म्हटलं.

६ एप्रिल

हिला तापाची कसर आहे. गोळी दिली. खोलीत आज श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कोट मात्र झकास निघालाय, पाहुण्या डॉक्टरांनी विचारलं कुठे धुता म्हणून.

२३ मे

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की चिडचिड होते. सारं गाव झोपेच्या रोगावर इलाज मागायला माझ्या दारात, आणि माझ्या घरात झोपेची हौस. दुपारी घरी गेलो तर ही चुलीपुढे बसल्या बसल्या घोरतेय आणि जेवण करपून कोळसा. हलवलं तर डोळे उघडून म्हणते, "आलात? आत्ताच तर गेला होतात." रात्री मात्र टक्क जागी. भांडी घासते, येरझाऱ्या घालते, मला झोपू देत नाही. दिवसाच्या आळसाचा हा सूड आहे, दुसरं काय.

मुळातच ही झोपाळू. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनीच सांगितलं होतं.

आज कुलपात किल्ली फिरवताना हिचा हात जरासा दारावर आपटला, तर हात कवटाळून कितीतरी वेळ विव्हळत बसली. एवढ्याशा लागण्याला एवढं नाटक! बोललो मी. पूर्वी उलट उत्तर आलं असतं. आता नुसतं बघत राहते. उत्तर न देणारी बायको हवी असं म्हणणाऱ्यांनी एकदा घरी येऊन बघावं.

१५ जून

मेव्हणी आली होती. हिची धाकटी बहीण, शहरात शिवणकाम करते, जिभेलाही सुईच लावलेली. दोन दिवस राहिली आणि मला अंगणात गाठलं.

"भावोजी, ताई अशी नव्हती."

"वय होतं माणसाचं."

"पस्तिशीत? काल तिने मला तीनदा विचारलं, तू कधी आलीस. तुम्ही तिचं रक्त तपासलंत का?"

संताप आला. झोपेचे रोगी कसे दिसतात हे हिने मला शिकवायचं! म्हटलं, तू टाके घाल, सुया मला कळतात. तर म्हणते, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." आणि पिशवी उचलून निघाली. ताईला बरोबर नेते म्हणत होती. मी नको म्हटलं. पुढच्या महिन्यात मुख्य कचेरीचे पाहुणे येणार, कोट कोण धुणार?

हे शेवटचं वाक्य वाचून मलाच कसंतरी झालं. पण खोटं कशाला लिहू, मनात तेच आलं होतं.

१९ जुलै

पाहुणे आले. खोली चकचकीत होती. डॉक्टरीणबाईंना त्यांना दोन काचा शेजारी शेजारी दाखवायच्या होत्या, एक रोग्याच्या रक्ताची आणि एक निरोगी माणसाची. निरोगी कोण, म्हणून इकडेतिकडे पाहायला लागल्या. मी छाती काढून म्हणालो, "घरचंच देतो की!" आणि हिला बोलावणं धाडलं.

ही आली ती निळ्या झग्यात, केस सुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. चारचौघांत असं यावं का, म्हणून मी दात ओठ खाल्ले. बोटाला टोचलं, काच एकडोळ्याला दिली.

त्याने पाहिलं. मग मिटलेला डोळा उघडून उघडा मिटला आणि पुन्हा पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्याला डोळा बदलताना पाहिलं नव्हतं. तो पुटपुटला, "काचा बदलल्या वाटतं." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काचा नाही बदलल्या, तुझं लक्ष कुठेय?" पाहुणे हसले. मी दुसऱ्या बोटाला टोचून नवी काच दिली. ह्या वेळी त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ डॉक्टरीणबाईंना खूण केली. त्यांनी पाहिलं आणि पाहुण्यांना चहाला बाहेर न्यायला सांगितलं.

मग मी पाहिलं. लाल पेशींना धक्के देत वळवळणारे. हजारदा पाहिलेत. दुसऱ्यांचे.

डॉक्टरीणबाईंनी हिची मान चाचपली. विचारलं, "कधीपासून?" मी म्हणालो, ही पहिल्यापासूनच झोपाळू आहे. ही बाकावर बसल्या बसल्या झोपली होती, कापूस लावलेलं बोट तसंच वर धरून.

२० जुलै

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं. आज सुरामिनची लहान मात्रा, सोसते का बघायला. मग पुढची, रक्तातले किडे मरायला. आणि आठवड्याभरात शहरात नेऊन पाठीच्या कण्यात सुई घालायची, पाणी काढून बघायचं. पाण्यात किडा नसेल तर सुरामिनवर भागेल. असेल तर दुसरं औषध, जे निम्मं विषच आहे. "पाठीतली सुई चुकवायची नाही," त्या म्हणाल्या. त्यांना पाहुण्यांबरोबर वरच्या छावण्यांना जायचंय, महिनाभर तरी येत नाहीत. गाडी पाठवतील.

हिची लघवी उकळून पाहिली, गढूळ झाली नाही, म्हणजे मूत्रपिंडं ठीक. सुई मीच दिली. शीर पटकन सापडली. औषध आत जाताना ही माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "खरंच हो, हात हलका आहे तुमचा. लोक म्हणायचे, मला कुठे माहीत होतं."

२६ जुलै

गाडी आली आणि रिकामी गेली.

हिने 'पाठीत नको' म्हणून दाराची चौकट धरून ठेवली. मी ओढू शकलो असतो. रोज गड्यामाणसांना धरतो मी. पण चालकाला सांगितलं, ताप आहे, पुढच्या वेळी बघू. ताप नव्हता.

मनाला समजावतोय की लवकरच सापडलंय, मेंदूपर्यंत कशाला जाईल? माशी चावते तिथे येतं ते गळू मार्चमधलं, म्हणजे फार झालं तर... असा हिशेब मांडतो आणि अर्ध्यात सोडतो. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला पाठीतल्या पाण्याचं उत्तर नको आहे.

पूर्ण मात्रा दिली. सोसली.

११ ऑगस्ट

काच स्वच्छ! एकही किडा नाही. एकडोळ्याला तीनदा बघायला लावलं, मग स्वतः पाहिलं. गेल्या कित्येक महिन्यांत असा आनंद झाला नव्हता. ताप गेला, हिने आज स्वयंपाक केला, करपला नाही. जेवताना म्हणाली, "तुमचं भाषण म्हणा ना एकदा." म्हटलं. ती 'दार उघडत नाही' ह्या वाक्याला हसली. का हसली कोण जाणे.

एकडोळ्या हात धुता धुता म्हणाला, "रक्त साफ आहे. पण आपण रक्तच बघितलंय." ह्या माणसाला कुणाचं चांगलं बघवत नाही. मेव्हणीला निरोप धाडला की तुझी ताई बरी झाली.

१८ ऑगस्ट

तळपायांना मुंग्या येतात म्हणते. औषधाचं असतं तसं. सुई चुकवली नाही.

आज पुन्हा दुपारी झोपली होती. अशक्तपणा असेल.

२९ ऑगस्ट

भर रांगेत ही खोलीत शिरली आणि माझ्या अंगातला कोट ओढायला लागली. "मळलाय, द्या इकडे, मळलाय." कोट स्वच्छ होता. मी हात धरला तर माझ्या मुस्काटात मारली. त्या हातात ताकद कसली, पण आवाज झाला. मग माझ्याच छातीला टेकून रडली, आणि रडता रडता झोपली.

रांगेत पुढे उभी असलेली एक बाई हळूच म्हणाली, "लवकर आणायचं होतं हो. तुम्हीच सांगता ना, मेंदूत शिरला की दार उघडत नाही म्हणून?" टोमणा नव्हता. तिला वाटलं मला आठवण करून द्यावी.

मी म्हटलं, पुढचे या.

३ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई परत आल्या. मी काही सांगायच्या आत त्यांनी हिला चालताना पाहिलं. त्याच गाडीत घालून शहरात नेलं. मी हिचे गुडघे पोटाशी धरून ठेवले आणि त्यांनी पाठीत सुई घातली. दिसायला पाणी स्वच्छ होतं, अगदी नितळ. सूक्ष्मदर्शकाखाली नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला उभं केलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "गाडी पाठवली होती मी. तुम्ही नुसतं रक्त धूत बसलात?"

म्हणालो, काच स्वच्छ होती.

"औषधाने आपलं काम केलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमचं नाही."

९ सप्टेंबर

हिला शहरातच ठेवलंय, मेव्हणी उशाशी आहे. मी कपडे न्यायला घरी आलो. कोटाला वास मारत होता, म्हणून कोट आणि हिचा झगा घेऊन नदीवर गेलो. सपाट दगड कुठले ते विचारावं लागलं. आजवर तिथे गेलोच नव्हतो. सापळे तिथून कितीतरी खाली, वळणाच्या अलीकडे आहेत. तिथपर्यंतच टांगा, असं मीच सांगितलं होतं, कारण पलीकडे फक्त धुणं धुतात.

झगा दगडावर टाकला. कोट अजून पाण्यात बुडवलाही नव्हता, तेवढ्यात झग्यावर पहिली माशी येऊन बसली. मग दुसरी. मग मोजायचं सोडलं.

मग तुमच्यात आणि माश्यांत फरक काय, असं ही म्हणाली होती. मी पोट धरून हसलो होतो.

झगा तिथेच जाळला. कोट न धुता घरी आणला.

२१ सप्टेंबर

ते दुसरं औषध शिरेतून जाताना जाळत जातं. ही ओरडते ते मजल्यावर सगळ्यांना ऐकू येतं. सुई मी देऊ का विचारलं, हात हलका आहे म्हटलं. तिथल्या परिचारिकेने मला दाराबाहेर उभं केलं.

परवा आकडी आली. दोन दिवस वाचते की नाही अशी होती. मेव्हणी माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. आज ही शुद्धीवर आल्यावर बोलली.

"भावोजी, गावातल्या एकूण एक बाईची मान चाचपलीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या ताईच्या मानेला वर्षात एकदा तरी हात लावलात?"

रोगी म्हणून नाही. तिला तेवढंच विचारायचं नव्हतं, हे मला कळलं. उत्तर दोन्हींचं एकच होतं.

७ ऑक्टोबर

पाठीतलं पाणी आता साफ आलं. डॉक्टर म्हणतात, वाचली. बाकी काय परत येईल ते सांगता येत नाही. मेव्हणीने तिला आपल्या घरी नेलं. मला विचारलं नाही, आणि मीही कोणत्या तोंडाने अडवणार?

सुईची खोली पुन्हा उघडली. एकडोळ्याने वसाहतीतल्या सगळ्यांच्या बोटांना टोचलं. माझ्या बोटाला आधी. डॉक्टरीणबाईंनी भाषण करायला सांगितलं. 'ताबडतोब या' च्या आधीच थांबलो आणि सुया उकळायला ठेवल्या. लोकांना वाटलं भाषण संपलं.

कोट मीच धुतो आता, नळावर.

३० ऑक्टोबर

सुटी काढून मेव्हणीकडे गेलो. दोन खोल्या, शिवणयंत्र, खिडकीशी खुर्ची. ही खुर्चीत बसली होती, केस नीट विंचरलेले. चेहरा भरलाय. मला वाटलं ओळखलं, कारण हसली. मेव्हणी चहा ठेवायला आत गेली. मी कामावरून तसाच निघालो होतो, कोट अंगातच होता.

"तुम्ही सुईवाले ना?" ही म्हणाली. "आमचे हेसुद्धा सुईवालेच आहेत. फार नाव आहे त्यांचं."

म्हटलं, हो का?

"हात हलका आहे. भाषण पण करतात." मग पुढे झुकून तिने माझ्या कोटाची बाही हातात घेतली, बोटांनी चोळून पाहिली, उजेडाकडे धरली. पूर्वी वाळत घालायच्या आधी धरायची तशीच. "हा कोण धुतं?"

"मीच धुतो."

"नळावर?"

"हो."

"तरीच पिवळा पडलाय." तिने बाही सोडून दिली आणि खिडकीबाहेर बघितलं. "आमच्या ह्यांना नाही चालायचा असला."